उघड्या मुळांचे गुलाब

शास्त्रपाठ : ईयोब 14:7-9, लूक 13:6-9



तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर एका हितचिंतकांनी रिसोड येथील आमच्या मुलींच्या वसतिगृहासाठी गुलाबाची वीस कलमे पाठवली. पिशवी नाही, मातीची हुंडी नाही. ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या नुसत्या काड्या आणि खाली उघड्या मुळ्या. एक मुलगी म्हणाली, "ताई, ह्या तं मेल्या. कायले लावता?"

थंड देशांत हिवाळ्यात गुलाब पाने गाळून विसावतो, तेव्हा रोपे अशी खणून दूरवर पाठवतात. आपल्याकडे तेवढी थंडी नसते, म्हणून मूळ उघडे राहिलेला प्रत्येक तास मोलाचा असतो. मला हे ठाऊक नव्हते. सभेच्या गडबडीत मी जुडी दोन दिवस व्हरांड्यात ठेवली. गोणपाट वाळले. वीसपैकी तेरा कलमे फुटलीच नाहीत. मुलींनी खणलेले खड्डे तसेच राहिले.

पुढच्या वर्षी विचारून, शिकून लावली. ती रीत अशी :

1. आधी मूळ. कलमे येताच मुळ्या बुडतील अशी पाच-सहा तास पाण्यात ठेवावी. तुटलेल्या व काळ्या पडलेल्या मुळ्या कात्रीने छाटाव्या. त्याच दिवशी लावणे जमत नसेल, तर सावलीत चर खणून मुळ्या ओल्या मातीने झाकून ठेवाव्या.

2. मग जमीन. आमची काळी माती पावसाळ्यात पाणी धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. गुलाबाला ओल हवी, पण साचलेले पाणी नको. दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावा. मातीत जाड रेती, चांगले कुजलेले शेणखत व मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. ताजे शेण घालू नये. वाफा चार बोटे उंच ठेवावा.

3. लावणी. खड्ड्यात मातीचा उंचवटा करून त्यावर मुळ्या छत्रीसारख्या पसराव्या. डोळा भरलेला जोड मातीच्या दोन बोटे वर राहावा. माती दाबून भरपूर पाणी द्यावे. काड्या वीतभर ठेवून बाहेरच्या बाजूच्या डोळ्यावर छाटाव्या. बुडाशी सोयाबीनचे कुटार पसरावे.

4. रानफुटवे. कलम रानगुलाबाच्या मुळावर बांधलेले असते. जोडाखालून येणारा फुटवा माती उकरून मुळापासून काढावा. वरून कापला तर पुन्हा येतो. मात्र फुटवा काढताना मूळ दुखवू नये. झाड त्याच रानमुळावर जगते.

5. पहिल्या कळ्या खुडाव्या. म्हणजे झाडाचे बळ मुळ्या धरण्याकडे जाते.

हा पाचवा धडा सर्वांत महाग पडला. पहिल्या वर्षी जगलेल्या सातांपैकी एका कलमाला नाताळाच्या सुमारास कळी आली. प्रभुभोजनाच्या मेजासाठी आम्ही ती राखली. फूल उमलले, ते कलम मात्र उन्हाळ्यात वाळले.

त्याच नाताळात आमच्याकडे आठ वर्षांची एक मुलगी होती. आईबाप ऊसतोडीला गेलेले. तिला येऊन जेमतेम सहा आठवडे झालेले. पाहुणे येणार म्हणून मी तिला वचन पाठ म्हणायला सर्वांसमोर उभे केले. ती थिजली आणि रडू लागली. जानेवारीत आजी भेटायला आली, तिच्याबरोबर ती गेली. मी दोनदा वस्तीवर जाऊन आले. ती परतली नाही.

लूकमधील दाखल्यात मालकाने फळ मागितले, त्यात गैर काही नव्हते. माळ्याने फळ नको म्हटले नाही. त्याने आणखी एक वर्ष मागितले, आणि त्या वर्षात काय करणार तेही सांगितले : मुळाभोवती खणणे व खत घालणे. ईयोबाला तोडलेल्या झाडाविषयी आशा दिसते, पण माणसाविषयी दिसत नाही. आपण पुनरुत्थित प्रभूचे लोक आहोत. आपण माणसाविषयीही आशा धरतो, म्हणून थांबू शकतो.

आता नव्या मुलीला पहिल्या वर्षी आम्ही मंचावर उभे करत नाही. तिची घरची बोली बोलू देतो, घरची गाणी म्हणू देतो, दर आठवड्याला आईबापांशी फोनवर बोलू देतो. तीच तिच्या मुळाची माती. तुमच्यापैकी काही जण प्रेमाने तिचा हसरा फोटो व गुणपत्रिका मागतात. पहिल्या वर्षी आम्ही ते पाठवले नाही, तर कृपया रागावू नका.

मननासाठी : मी कोणाच्या जीवनात मुळ्या धरण्याआधीच फूल मागत आहे?

प्रार्थना : हे प्रभू, आम्हाला माळ्याचा धीर दे. आमच्या घाईमुळे जी लेकरे दूर गेली, त्यांना तू सांभाळ. आमेन.