अर्जांची नोंद आणि त्यांचा मागोवा

दुसरे महायुद्ध संपण्याच्या सुमारास, जुलै १९४५ मध्ये, सैन्यातून मुक्त होणाऱ्या सैनिकांना नागरी जीवनात काम मिळावे या हेतूने भारत सरकारने पुनर्वसन व सेवायोजन महासंचालनालय स्थापन केले. पुढे देशभर पसरलेल्या सेवायोजन कार्यालयांचे मूळ या व्यवस्थेत आहे. नाव नोंदविणाऱ्या प्रत्येक उमेदवाराचे एक निर्देशपत्र तयार होई व त्यावर त्याचे शिक्षण, अनुभव आणि व्यवसायाचा संकेतांक लिहिला जाई. रिकाम्या जागेची मागणी आली की कारकून पत्रे चाळून योग्य ती नावे मालकाकडे पाठवीत असे. रिक्त जागा या कार्यालयांना कळविण्याचे बंधन सार्वजनिक क्षेत्रातील आस्थापनांवर १९५९ च्या कायद्याने घातले.

या पद्धतीची मर्यादा उघड होती. निर्देशपत्र एका वेळी एकाच पेटीत राहू शकते. दुसऱ्या जिल्ह्यातील जागेसाठी त्याचा उपयोग सहसा होत नसे, आणि आपले नाव पाठविले गेले किंवा नाही हे जाणून घेण्यासाठी उमेदवाराला कार्यालयात खेपा घालाव्या लागत. २० जुलै २०१५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय करिअर सेवेच्या संकेतस्थळाने हीच नोंद देशभर एकत्र पाहता येण्याची सोय केली.

संगणकीय पद्धतीत अर्ज म्हणजे एका कोष्टकातील एक ओळ असते. प्रत्येक ओळीला स्वतंत्र क्रमांक मिळतो. अर्ज मिळाला, छाननी झाली, परीक्षेस बोलाविले, निवड झाली अथवा नाकारला, अशी त्याची अवस्था त्या क्रमांकापुढे वेळोवेळी नोंदविली जाते. त्यामुळे एकाच माणसाचे दोन अर्ज शोधणे, वयाची अट तपासणे, प्रवर्गनिहाय यादी करणे ही कामे अल्पावधीत होतात. त्याचप्रमाणे कारकुनाला विचारल्यावाचून उमेदवार आपली अवस्था स्वतः पाहू शकतो.

तथापि यंत्र काय तपासते आणि काय तपासू शकत नाही, हे समजून घेणे अगत्याचे आहे. भारतीय रेल्वेने २०१९ साली पहिल्या स्तरावरील सुमारे १ लाख ३ हजार पदांसाठी अर्ज मागविले, तेव्हा एक कोटीहून अधिक अर्ज आले. एवढे अर्ज कागदावर हाताळणे जवळजवळ अशक्यच होते. परंतु त्यांपैकी चार लाखांहून अधिक अर्ज छायाचित्र किंवा स्वाक्षरी नियमानुसार नाही या कारणाने नाकारले गेले. चित्राची फाइल ठरावीक आकाराची आहे एवढे यंत्राला सहज कळते. चेहरा स्पष्ट आहे किंवा नाही, याचा निर्णय मात्र साध्या तपासणीने होत नाही. म्हणून अर्ज स्वीकारल्याची पोच मिळूनही पुढे तो बाद होऊ शकतो. उमेदवारांच्या तक्रारींनंतर डिसेंबर २०२१ मध्ये छायाचित्र व स्वाक्षरी पुन्हा सादर करण्याची संधी देण्यात आली. परीक्षा सुरू झाली ती ऑगस्ट २०२२ मध्ये, म्हणजे जाहिरातीनंतर सुमारे साडेतीन वर्षांनी.

या उदाहरणावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. नोंद जलद झाली म्हणून निर्णय जलद होतोच असे नाही. कारण पदांची संख्या आणि परीक्षेची व्यवस्था या बाबी कोष्टकाबाहेरच्या आहेत. दुसरे असे की, ‘नाकारला’ हा एकच शब्द उमेदवाराच्या दृष्टीने पुरेसा नसतो. ज्याची वयोमर्यादा संपत आली आहे, त्याला पुढची जाहिरात येईपर्यंत थांबणे परवडत नाही. म्हणून नकाराचे नेमके कारण, दुरुस्तीची मुदत आणि दाद मागण्याचे ठिकाण यांची नोंद अवस्थेसोबत असणे आवश्यक ठरते.

उमेदवारानेही अर्जाचा क्रमांक, भरलेल्या अर्जाची प्रत आणि शुल्काची पावती एकत्र जपून ठेवावी. अनेक ठिकाणी अर्ज केले असल्यास पदाचे नाव, अर्जाची तारीख, सध्याची अवस्था आणि पुढील तारीख असे चार रकाने असलेली वही अथवा संगणकावरील कोष्टक पुरते. वाद उद्भवल्यास संस्थेच्या नोंदीशी ताडून पाहण्यासाठी हीच नोंद त्याच्या हाती असते.