करारस्वातंत्र्य आणि गिग श्रम : माथाडी कायद्याच्या संदर्भात

मुक्त बाजाराच्या समर्थनाचा मूलाधार करारस्वातंत्र्य हा होय. दोन सज्ञान व्यक्ती परस्परसंमतीने व्यवहार करतात, त्यात उभयतांचा लाभ असतो. म्हणून शासनाने मध्ये पडू नये, असा हा युक्तिवाद आहे. ॲपच्या द्वारे प्रवासी नेणारा वा घरपोच माल पोचविणारा गिग कामगार हे त्याचे आजचे उदाहरण. तो आपल्या सोयीने काम सुरू करतो, सोयीने थांबवितो. कागदोपत्री तो कोणाचाही नोकर नसतो.

हे स्वातंत्र्य सर्वस्वी खोटे आहे, असे म्हणता येणार नाही. शिक्षण वा अन्य व्यवसाय सांभाळून मिळकत करू इच्छिणाऱ्याला त्याचे मोल आहे. तथापि करार करणाऱ्या दोन पक्षांची वाट पाहण्याची शक्ती सारखी नसते, हे खुद्द ॲडम स्मिथने १७७६ मध्ये नोंदविले होते. मालक दीर्घकाळ तग धरू शकतो. अनेक मजुरांना कामावाचून आठवडाही काढता येत नाही. डॉ. आंबेडकरांनीही ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ (१९४७) मध्ये, शासनाने अंग काढून घेतले तर उरते ते मालकाचे स्वातंत्र्य, असेच प्रतिपादन केले. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये उबरच्या चालकांना ‘कामगार’ ठरविले, तेही कराराच्या शब्दांवरून नव्हे. भाडे, अटी आणि नकाराचे परिणाम कंपनीच ठरविते, ही वस्तुस्थिती निर्णायक ठरली.

मग ‘नोकर की स्वतंत्र व्यावसायिक’ एवढेच पर्याय आहेत काय? येथे महाराष्ट्राचा १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा उद्बोधक ठरतो. बाजारपेठेतील हमाल सकाळी एका पेढीचा, तर दुपारी दुसऱ्या पेढीचा माल वाहतो. त्याला एक असा मालक नसतो. या कायद्याने त्याला कोणाचाही कायम नोकर ठरविले नाही. मालक आणि कामगार दोघांचीही नोंदणी त्रिपक्षीय मंडळाकडे होते. मजुरी व तिच्यावरील लेव्ही मालक मंडळात भरतो. त्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा आदी लाभ मिळतात. या मंडळांच्या कारभारात बोगस नोंदणीच्या तक्रारी झाल्या, हे खरे. परंतु तो दोष अंमलबजावणीचा, तत्त्वाचा नव्हे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने ॲप चालविणाऱ्या कंपन्यांवर वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के अंशदानाची जबाबदारी टाकली आहे. राजस्थानच्या २०२३ च्या कायद्यातील नोंदणी, मंडळ आणि प्रत्येक व्यवहारावरील शुल्क ही रचना तर माथाडी कायद्याच्या बरीच जवळ जाणारी आहे. मात्र संहिता कल्याणनिधीपाशीच थांबते. कामाचा दर ठरविण्याचा अधिकार ती कंपनीच्याच हाती राहू देते. माथाडी मंडळाच्या कक्षेत मजुरीचा दरही येतो. हा भेद मूलभूत होय. निधी कामगाराच्या संकटात उपयोगी पडतो. दरावरील नियंत्रण त्याला करार करताना बळ देते. ज्याला नकार देणे परवडते, त्याचीच संमती मुक्त म्हणता येईल.