आधी हवा, मग पाणी

शिरूर-दौंड पट्ट्यात पॉलिहाउसला थंडीपेक्षा उन्हाळा भारी. एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशीला टेकतो, कागदाच्या आत त्याहून वर जातो. ढोबळी मिरची मात्र पस्तिशीपुढे फुलं धरत नाही.

आमच्या शेडच्या ठेकेदाराने टॉप व्हेंटचं तोंड पश्चिमेला काढलं. इथला दुपारचा वाराही पश्चिमेचाच. तो व्हेंटमधून आत शिरायचा आणि वर साठलेली गरम हवा बाहेर निघण्याऐवजी पिकावर दाबली जायची. वारा वाढला की कागद फडफडायचा, म्हणून बाजूचे पडदे लावून घ्यावे लागत. मग सगळी भिस्त फॉगरवर. सुरुवातीला गार वाटायचं. थोड्या वेळाने धुकं विरायचं थांबायचं, पानं ओलीचिंब व्हायची आणि पारा तिथल्या तिथेच. पाणी उडून जातं तेव्हाच गारवा देतं. हवाच दमट झाली की ना धुकं उडतं, ना पानातलं पाणी. सकाळी बेडवर गळालेल्या फुलांचा सडा दिसायचा. त्या उन्हाळ्याचा माल गेला तो गेलाच.

म्हणून नवीन शेड उभारणाऱ्यांना कळकळीने सांगतो: शेवटचा हप्ता देण्याआधी व्हेंटचं तोंड पूर्वेला आहे ना, ते स्वतः उभं राहून बघा. फॉगर पडदे उघडे असतानाच चालवा, तेही अर्धा-एक मिनिट. धुकं पूर्ण विरल्याशिवाय पुन्हा नाही. थर्मामीटर शेंड्याच्या उंचीवर, सावलीत टांगा. सोबत आर्द्रतामापक हवाच. ऐंशी टक्क्यांवर गेला की फॉगर बंद.

भीमाकाठच्या उसाच्या पट्ट्यात बऱ्याच विहिरींचं पाणी खारं आहे. ते फॉगरला गेलं की नोझल चोंदतात, पानांवर पांढरे ठिपके उमटतात. आधी पाणी तपासून घ्या. ठिबकही सकाळीच सोडा. दुपारी काळ्या लॅटरलमधलं पहिलं पाणी हाताला चटका देतं, तेच मुळांना जातं.

फॅन-पॅडच्या मोहात मात्र पडू नका. शेतीची थ्री फेज वीज पाळीने येते; ऐन दुपारी ती गेली आणि पंखे थांबले, की बंद शेडची भट्टी होते. त्यापेक्षा आत सरकती शेडनेट बरी, सकाळी-संध्याकाळी गुंडाळून ठेवता येते. कागदावर चुना मारणार असाल तर पातळ मारा आणि जूनच्या ढगाळ दिवसांआधी धुऊन काढा. पावसाळ्यात झाडाला उजेडच कमी पडतो.