मानसशास्त्राची उजळणी व तिची साधने

शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन जी मुले-मुली कला शाखेकडे वळतात, त्यांस मानसशास्त्र हा विषय अकरावीच्या वर्गात पहिल्यानेच भेटतो. इतिहास, भूगोल ही मंडळी लहानपणापासूनच्या ओळखीची; हा मात्र नवा पाहुणा. साहजिकच पालकांचा पहिला प्रश्न असतो तो असा की, या विषयासाठी कोणते मार्गदर्शक पुस्तक विकत घ्यावे, आणि अंधेरी-बोरिवलीकडे अथवा मुलुंड-घाटकोपरकडे यासाठी कोणता शिकवणी-वर्ग बरा? या प्रश्नाचे उत्तर आम्ही प्रथमच देऊन टाकतो, म्हणजे पुढील विवेचनास जागा मोकळी होईल. १९६७ साली पुण्यास स्थापन झालेल्या बालभारती या संस्थेने अकरावीचे नवे मानसशास्त्राचे पुस्तक २०१९ साली व बारावीचे २०२० साली काढले. बालभारतीची पुस्तके तिच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. ज्यांस इंग्रजी अथवा हिंदी वाचनाची सवय आहे, त्यांनी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचे अकरावीचे मानसशास्त्राचे पुस्तकही पाहावे. त्यात मानवी स्मृतीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. एवढ्यावर भागते. जो पैसा उरेल त्याचे काय करावे, हे पालकांनी ठरवावे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. या विषयाचा एक विशेष असा आहे की, तो कसा अभ्यासावा हे त्याच विषयात सांगितलेले असते. रसायनशास्त्र शिकणाऱ्यास रसायनांची सूत्रे मनात कशी टिकवावी हे रसायनशास्त्र सांगत नाही. इतिहास सनावळी देतो, ती ध्यानात ठेवण्याची युक्ती देत नाही. मानसशास्त्र मात्र अवधान, अध्ययन, स्मृती व विस्मरण यांचाच विचार करते. असे असूनही आम्ही दरवर्षी काय पाहतो? विद्यार्थी विस्मरणाची कारणे वाचतो, महत्त्वाच्या ओळींखाली पिवळी रेघ ओढतो, तोच मजकूर आणखी दोनदा वाचतो, आणि पुस्तक मिटून समाधानाने झोपी जातो. जे वाचले ते स्वतःस लागू पडते, ही गोष्ट त्याच्या ध्यानीमनीही येत नाही. २०१३ साली जॉन डनलॉस्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धती तपासून पाहिल्या. त्यांत ओळींखाली रेघा ओढणे व पुनःपुन्हा वाचणे या दोहोंस अगदी खालचे स्थान मिळाले. वरचे स्थान मिळाले ते दोनच पद्धतींना: स्वतःस प्रश्न विचारून पाहणे, आणि उजळणी एकदम न करता दिवसांच्या अंतराने करणे.

यांपैकी दुसरी गोष्ट फार जुनी आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन पंडिताने १८८५ साली स्मृतीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या प्रयोगांत प्रयोग करणारा तोच व ज्याच्यावर प्रयोग करावयाचा तोही तोच! अर्थ नसलेल्या अक्षरांच्या जुळण्या तयार करून तो त्या पाठ करी, काही काळ जाऊ देई, आणि मग त्याच जुळण्या पुन्हा पाठ करताना पहिल्यापेक्षा किती श्रम वाचतात हे मोजी. एका तासानंतर सुमारे ४४ टक्के श्रम वाचत. एका दिवसानंतर ३४ टक्के. आणि एका महिन्यानंतरही २१ टक्के. म्हणजे जे गळावयाचे ते बहुतेक पहिल्याच दिवसात गळून जाते. नंतरची गळती संथ असते. अर्थपूर्ण मजकूर याहून अधिक टिकतो हे खरे, पण गळतीची चाल तीच. तेव्हा वर्गात सोमवारी शिकविलेल्या भागाची पहिली उजळणी पूर्वपरीक्षेच्या आदल्या आठवड्यात करण्यात काय हशील? ती सोमवारी संध्याकाळीच व्हावी, दुसरी मंगळवारी, तिसरी आठवड्याने, चौथी महिन्याने. दर खेपेस पाच-दहा मिनिटे पुरतात.

पहिली गोष्ट, म्हणजे स्वतःस प्रश्न विचारणे, ही विद्यार्थ्यांच्या गळी उतरविणे अधिक कठीण जाते, कारण ती मनास रुचत नाही. रोडिगर व कार्पिके या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली केलेला प्रयोग येथे सांगण्यासारखा आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस त्यांनी लहान उतारे वाचावयास दिले. काही उतारे विद्यार्थ्यांनी दुसऱ्यांदा वाचले. काहींच्या बाबतीत दुसऱ्यांदा न वाचता, आठवेल तेवढे कोऱ्या कागदावर लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचलेला उतारा सरस ठरला: ८१ टक्के विरुद्ध ७५. पण आठवड्यानंतर पारडे फिरले. दोनदा वाचलेल्यातील ४२ टक्केच शिल्लक राहिले, तर एकदा वाचून आठवून लिहिलेल्यातील ५६ टक्के टिकले. त्याच संशोधकांच्या दुसऱ्या प्रयोगात तर असे आढळले की, ज्यांनी केवळ वाचन केले त्यांसच आपल्या स्मृतीचा भरवसा सर्वांत अधिक वाटत होता, आणि आठवड्याने सर्वांत कमी आठवले ते त्यांनाच.

हा चकवा का होतो? आपल्या शास्त्रात प्रत्यभिज्ञा व प्रत्यावाहन असा भेद केला आहे. समोर आलेली गोष्ट ओळखणे ही प्रत्यभिज्ञा. समोर नसलेली गोष्ट मनातून बाहेर काढणे हे प्रत्यावाहन. रोज सकाळी एकाच गाडीने जाणारा मनुष्य फलाटावरील किती तरी चेहरे ओळखतो. पण घरी बसून त्यांतील एकाचे वर्णन लिहावयास सांगा, म्हणजे लेखणी थांबते. उघड्या पुस्तकातील प्रत्येक ओळ विद्यार्थ्यास अशीच ओळखीची वाटते व तो म्हणतो, ‘हे मला येते.’ परीक्षेच्या दालनात पुस्तक मिटलेले असते. तेथे प्रत्यावाहनाशी गाठ असते, आणि घरी केलेला सराव मात्र प्रत्यभिज्ञेचा.

घोकंपट्टीस नावे ठेवण्याची हल्ली रीत पडली आहे, व ती बऱ्याच अंशी रास्तही आहे. तथापि जुन्या पंतोजींच्या शाळेत एक गोष्ट अचूक होत असे. मुलगा पावकी-निमकी घोकी तेव्हा समोर पुस्तक नसे. उभे राहून म्हणून दाखवावे लागे, आणि तेही रोज. आपल्याकडील धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रश्नोत्तरीची जी पद्धत चालत आली, तिच्यातही प्रश्न ऐकून उत्तर मुलानेच द्यावयाचे असते. या पद्धतींत उणीव होती ती अर्थाची. आठवून सांगण्याची नव्हे. आम्ही अर्थ आणला हे चांगले केले, पण त्याबरोबर आठवून सांगणेही घालवून बसलो, असे आमचे मत आहे.

यासाठी लागणारे साधन घरच्या घरी तयार होते. लग्नसराईत प्रत्येक घरी जाड कागदाच्या पत्रिका साठतात. त्यांच्या कोऱ्या बाजूचे हाताच्या पंजाएवढे तुकडे कापावे. एका तुकड्यावर प्रश्न लिहावा, उत्तर दुसऱ्या तुकड्यावर लिहून त्याच्या पाठीस चिकटवावे. चपलांच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठ्याचे आडवे तुकडे घालून पाच कप्पे करावे. सर्व पत्ते आरंभी पहिल्या कप्प्यात. उत्तर बरोबर आले की पत्ता पुढच्या कप्प्यात जातो; चुकले की, मग तो कोणत्याही कप्प्यात असो, पहिल्यात परत. पहिला कप्पा रोज पाहावयाचा, दुसरा दिवसाआड, तिसरा आठवड्यातून एकदा, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. ही योजना सेबास्टियन लाइटनर यांनी गेल्या शतकाच्या आठव्या दशकात प्रचारात आणली, आणि तिच्यात वर सांगितलेल्या दोन्ही गोष्टी आपोआप साधतात.

पत्त्यावर प्रश्न कसा असावा यासंबंधी थोडे अधिक सांगणे अवश्य आहे. नुसती व्याख्या विचारू नये. दोन जवळजवळच्या कल्पनांतील भेद विचारावा. नकारात्मक प्रबलन व शिक्षा यांचा घोटाळा तर ठरलेलाच. ‘नकारात्मक’ हा शब्द कानी पडताच मुलांस ती शिक्षा वाटते. पावसात छत्री उघडली की भिजणे थांबते. म्हणून पुढच्या वेळीही आपण छत्री उघडतो. येथे नकोशी गोष्ट दूर झाल्याने वर्तन बळावले: हे नकारात्मक प्रबलन. विनातिकीट प्रवाशास तपासनीसाने दंड केला, आणि त्याचे विनातिकीट फिरणे कमी झाले: ही शिक्षा. पहिल्यात वर्तन वाढते, दुसऱ्यात घटते. पत्त्याच्या एका बाजूस छत्री व तिकीट एवढे दोनच शब्द लिहिले, तरी चतुर विद्यार्थ्यास ते पुरे.

नावे व साले यांची भीती पुष्कळांस वाटते. वुंट यांची लाइपझिग येथील प्रयोगशाळा १८७९, बिने व सिमाँ यांची बुद्धिमापन कसोटी १९०५, ही यादी रुक्ष खरीच. परंतु तीच कसोटी आपल्या मुलांस लागू पडावी म्हणून डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कानडी मुलांसाठी तिचे रूपांतर केले, आणि त्यांचा तद्विषयक ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला, हे कळले म्हणजे पॅरिसमधील ती गोष्ट थोडी घरची होते. सुट्या आकड्यास कोठे तरी अडकवावयास खुंटी लागते.

गठ्ठे बांधणे हीही अशीच एक युक्ती. तात्कालिक स्मृतीत एका वेळी सुमारे सातच बाबी मावतात, असे जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली प्रतिपादन केले. त्या बाबी सुटी अक्षरे असोत अथवा बांधलेले गठ्ठे. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली टपाल खात्याची पिन संकेतांकाची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. मुलुंड पश्चिमेचा संकेतांक ४०००८०, बोरिवली पश्चिमेचा ४०००९२, अंधेरी पूर्वेचा ४०००६९. सहा अंक खरे, पण मुंबईकरास ‘४००’ हा एकच गठ्ठा असतो व लक्षात ठेवावयाचे शेवटचे तीनच अंक उरतात. प्रकरणातील बारा मुद्दे तीन मथळ्यांखाली मांडले तर तेथेही हेच घडते.

आमची उपनगरे म्हणजे मानसशास्त्राची आयती प्रयोगशाळा आहे. तिला भाडे नाही. ८ जून २०१४ रोजी सुरू झालेल्या वर्सोवा-घाटकोपर मेट्रोवर बारा स्थानके आहेत. त्या मार्गाने न जाणाऱ्या एखाद्या नातलगास ती क्रमाने एकदा वाचून दाखवा आणि मग आठवावयास सांगा. वर्सोवा व घाटकोपर बहुधा आठवतील. चकाला, मरोळ नाका ही मधली मंडळी गळतील. यादीचा आरंभ व शेवट अधिक टिकतो हा नियम पुस्तकात एका वाक्यात येतो. दहा नातलगांवर करून पाहिला की तो जन्मभर विसरत नाही. मात्र साकीनाक्यास राहणारा मनुष्य या प्रयोगास घेऊ नये! आपल्या घराचे नाव यादीत कोठेही आले तरी आठवतेच.

जुने ज्ञान नव्याच्या आड कसे येते हेही येथेच पाहावे. एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे नाव २०१८ साली प्रभादेवी झाले. व्हिक्टोरिया टर्मिनस १९९६ साली छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले व २०१७ साली त्यात ‘महाराज’ हा शब्द आला. तरी आजोबांच्या तोंडी अजून ‘व्ही. टी.’ येते, आणि नातवास एल्फिन्स्टन कोठे हे सांगता येत नाही. एकाच घरात अडथळ्याचे दोन्ही प्रकार! विद्यार्थ्याने आपल्या वहीत अशी उदाहरणे टिपून ठेवावी. परीक्षकास पुस्तकातील उदाहरण शंभरदा वाचून कंटाळा आलेला असतो.

झोपेविषयी पालकवर्गास आम्हांस विशेष सांगावयाचे आहे. जेंकिन्स व डॅलेनबाख यांनी १९२४ सालीच दाखवून दिले की, पाठ केल्यानंतर मनुष्य झोपला तर, तेवढेच तास जागा राहिल्यापेक्षा त्यास अधिक आठवते. पुढील संशोधनाने झोपेत स्मृती दृढ होते या मतास बळकटी दिली आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत दिवा जळत ठेवणारा मुलगा मेहनती खरा, पण तो दिवसाची कमाई स्वतःच्या हाताने उधळीत असतो. आणि जर मुलाची झोप व भूकच उडाली असेल, तो गप्प गप्प राहू लागला असेल, तर तेथे अभ्यासाची गोष्ट बाजूस ठेवावी. ‘टेली-मानस’ ही शासकीय दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू असून तिचा क्रमांक १४४१६ आहे. तेथे विनामूल्य सल्ला मिळतो. हा क्रमांक घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा.

पुष्कळ माता आम्हांस सांगतात, ‘आम्ही सातवीपर्यंतच शिकलो, मुलीच्या मानसशास्त्रातले आम्हांस काय कळणार?’ त्यांस आमचे उत्तर असे की, या कामास शास्त्र कळावे लागत नाही. अक्षर वाचता आले म्हणजे पुरे. पोळ्या करताना, भाजी निवडताना, पत्त्यांचे खोके जवळ ठेवावे. प्रश्न मोठ्याने वाचावा. मुलगी अडखळली तर उत्तर लगेच सांगू नये. मनातल्या मनात दहा अंक मोजावे, कारण आठवण्याच्या त्या धडपडीतच स्मृती बळावते. नंतर पत्ता उलटून पाहावा. शब्द वेगळे असून आशय तोच असेल तर ‘बरोबर’ म्हणावे. शंका वाटली तर पत्ता निराळा काढून ठेवावा व दुसऱ्या दिवशी वर्गात विचारावयास सांगावे. उत्तर चुकले तर रागावण्याचे कारण नाही. पत्ता पहिल्या कप्प्यात टाकावा, आणि पुढचा उचलावा.