प्रलयकथा शिकविताना

मनू व मत्स्य यांची गोष्ट सांगितली की एखादा मुलगा हमखास विचारतो, ‘गुरुजी, हे खरेच घडले काय?’ या प्रश्नास घाईने होकार वा नकार देऊ नये.

शतपथ ब्राह्मणातील या कथेशी जुळणारी कथा इराकमधील निनवे येथे सापडलेल्या मातीच्या फलकांवर आहे. ती १८७२ साली जॉर्ज स्मिथ यांनी लंडन येथे वाचली. तीतही पूर्वसूचना आहे, नौका आहे, नौकेचे पर्वतावर टेकणे आहे. मासा मात्र नाही. पाणी ओसरले की नाही हे पाहण्यास पारवा, पाकोळी व डोमकावळा सोडले जातात. (हा भाग मुलांस फार आवडतो.)

पुढे १९२९ मध्ये लिओनार्ड वुली यांनी ऊर येथील गाळाचा जाड थर हाच प्रलयाचा पुरावा, असे जाहीर केले. परंतु कीश, शुरुप्पक आदी नगरांतील थर निरनिराळ्या काळांचे ठरले. म्हणजे पूर अनेक आले. सर्वांना बुडविणारा एकच पूर सिद्ध झाला नाही.

इतके सांगून मुलांस गावातील वृद्धांकडे मोठ्या पुराच्या आठवणी विचारण्यास पाठवावे, आणि दोन आठवणींत फरक कोठे पडतो, ते फळ्यावर मांडावे.