बाणाचं टोक निवडताना

मी कवठे महांकाळमध्ये शाळकरी मुलामुलींना धनुर्विद्या शिकवतो. सातारा जिल्ह्यातल्या शेरेवाडीची अदिती स्वामी ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला, वयाच्या सतराव्या वर्षी, कम्पाउंड, म्हणजे चाकांच्या धनुष्याच्या, प्रकारात जगज्जेती झाली. साताऱ्यातच सराव करणारा नागपूरचा ओजस देवतळे त्याच स्पर्धेत पुरुषांत पहिला आला. त्याआधी फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकपर्यंत पोचला होता. आपल्याच भागातली, आपल्यासारख्याच घरातली मुलं एवढी मजल मारतात हे दिसल्यावर पालक विश्वासानं मुलांना मैदानावर घेऊन येतात. धनुष्य घेताना ते चारचौघांना विचारतात, पैशाची जुळवाजुळव करतात. बाणाच्या टोकाबद्दल मात्र सहसा कुणी विचारत नाही. मोबाईलवर स्वस्त दिसलं ते मागवलं, असा प्रकार असतो. त्यातून काय होतं ते मी पाहिलं आहे.

आमच्याकडच्या एका मुलानं असंच एक पाकीट मागवलं होतं. वर्णनात ‘व्यावसायिक दर्जाचे, १०० ग्रेन’ एवढंच ठळक दिसत होतं. आत होती तीन पात्यांची शिकारीची टोकं, ज्यांना परदेशात ब्रॉडहेड म्हणतात. सरावाच्या बऱ्याच बाणांत आटे असलेला इन्सर्ट बसवलेला असतो आणि ब्रॉडहेडचे आटेही त्याच मापाचे असतात. त्यामुळे ते टोक सहज बसलं. मी मैदानाच्या दुसऱ्या बाजूला लहान मुलांची रांग लावत होतो. तेवढ्यात त्यानं बाण सोडला. बाण रोजच्या रेषेत गेला नाही. एका अंगाला ओढला गेला आणि टार्गेटच्या फोमच्या कडेत पाती गाडून बसला. काढताना पाती आत अडकली. मदतीला गेलेल्या त्याच्या मित्रानं फोम दाबून धरला होता. झटक्यानं बाण सुटला आणि पातं त्याच्या तळहातावरून फिरलं. टाके पडले. बोटं शाबूत राहिली, याचं समाधान मानायचं.

संध्याकाळी त्या मुलाचे चुलते आले. पोराला रागावले, जखमी मुलाच्या घरी जाऊन आले आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाले, “सर, ती टोकं टाकून नका देऊ. मक्यात डुकरं शिरत्यात, वरच्या रानात हरणं बी येत्यात. एक-दोन बाण द्या की मला.”

माणूस वाईट नव्हता. म्हैसाळ योजनेचं पाणी आल्यापासून आमच्या दुष्काळी तालुक्यात हिरवं रान वाढलं आहे आणि उसात, मक्यात रानडुकरांना लपायला जागा झाली आहे. रात्रभर राखण करून सकाळी आडवं झालेलं पीक बघणाऱ्याला काय वाटतं, हे मी जाणतो. पण त्यांना मी नाही म्हणालो. का म्हणालो ते सगळ्यांना सांगायला हवं, कारण ही टोकं घरबसल्या मिळतात आणि असं मागणारे ते एकटे नाहीत.

ब्रॉडहेड कशासाठी असतं

अमेरिकेत परवाना घेऊन, ठरलेल्या हंगामात धनुष्यानं हरणाची शिकार करता येते. तिथले शिकारी ब्रॉडहेडची निवड फार गांभीर्यानं करतात. बंदुकीची गोळी धक्क्यानंही मारते. ब्रॉडहेड फक्त कापून, रक्तस्राव करून मारतं. म्हणून त्याचं पातं वस्तऱ्यासारखं लागतं. स्थिर पात्यांचं टोक मजबूत असतं, पण ती पाती हवेत पंखाचं काम करतात आणि धनुष्य-बाणाची जुळणी थोडी जरी चुकलेली असली तरी बाणाला भलतीकडे नेतात. आमच्या मैदानावर तेच झालं. दुसऱ्या प्रकारात पाती मिटलेली असतात आणि लागल्यावर उघडतात. असा बाण सरळ जातो, पण पाती उघडण्यात त्याचा काही जोर खर्च होतो, त्यामुळे हलक्या धनुष्याला तो झेपत नाही. नेम दोन बोटं चुकला तर जनावर मरत नाही. ते जखम घेऊन पळतं, कुठंतरी झुडपात पडतं आणि तासन् तास तडफडतं. म्हणूनच तिथले जबाबदार शिकारी जवळच्या अंतराबाहेर बाण सोडत नाहीत. अंधारात, मक्याच्या रानात, सराव नसलेल्या हातानं हे करणं म्हणजे जनावराचे हाल आणि माणसाच्या जिवाला धोका. जखमी रानडुक्कर उलटून अंगावर येतं, हे शेतकऱ्याला मी सांगायची गरज नाही.

आणि आपल्याकडे हा गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या नवव्या कलमानुसार अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार करता येत नाही. शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. सापळा लावणं, विष घालणं आणि तसा प्रयत्न करणं हेही त्यातच येतं. कायद्यानं केलेल्या शस्त्राच्या व्याख्येत धनुष्य आणि बाण यांचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, शिवाय दंड. रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. पिकाचं नुकसान होतं म्हणून त्याला मारायचं असेल तरी वन विभागाची लेखी परवानगी लागते, ती आपण स्वतःला देऊ शकत नाही. आपल्याच जिल्ह्यात सागरेश्वरचं अभयारण्य आहे. धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उघड्या डोंगरावर झाडं लावून ते उभं राहिलं, हरणं आणून सोडली गेली. तिथून बाहेर पडणारी हरणं आसपासच्या पिकांत येतात, हेही खरं आहे. पण या प्रश्नाचं उत्तर बाणात नाही.

मग शेतकऱ्यानं करायचं काय? नुकसान दिसलं की पीक तसंच ठेवून फोटो काढा. सातबारा घेऊन त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वनरक्षकाकडे किंवा वनक्षेत्रपाल कार्यालयात लेखी अर्ज द्या. वन विभागाचा १९२६ हा क्रमांकही आहे. पंचनामा होईपर्यंत रान साफ करू नका. उशीर झाला की खुणा पुसल्या जातात आणि भरपाईचा अर्ज अडतो. राखणीसाठी सौर झटका कुंपण करा, शक्य असेल तर शेजारच्या चार शेतकऱ्यांनी मिळून करा. घरगुती विजेची तार मात्र कुंपणाला कधीही जोडू नका. त्यात माणसं मेली आहेत.

मुलांसाठी कोणतं टोक घ्यावं

आता पालकांकडे वळतो. टार्गेटच्या धनुर्विद्येत टोक गोल निमुळतं असतं. खेळाडू त्याला पॉइंटच म्हणतात. बाण फोममध्ये सरळ शिरावा आणि तसाच सरळ निघावा, एवढंच त्याचं काम. खरेदीच्या वर्णनात ‘हंटिंग’, ‘ब्लेड’ किंवा ‘ब्रॉडहेड’ असा शब्द असला, चित्रात पातं दिसलं, तर ती वस्तू मुलाच्या हाती येता कामा नये.

पॉइंटचा व्यास बाणाच्या नळीशी जुळला पाहिजे. पॉइंट बारीक असेल तर नळीची कार्बनची कड फोमवर आपटते आणि हळूहळू पिंजते. फार जाड असेल तर बाण काढताना जोर लागतो.

वजन ग्रेनमध्ये मोजतात. १०० ग्रेन म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम. २० ग्रेनचा फरक सव्वा ग्रॅमच्या आसपास येतो आणि तो हाताला कळतही नाही. पण कम्पाउंडचा सामना ५० मीटरवर होतो आणि दहा गुणांचं वर्तुळ फक्त ८ सेंटिमीटर रुंद असतं. एका संचात दोन वजनांचे पॉइंट मिसळले की बाण वरखाली लागतात आणि मूल आपलाच हात चुकतोय असं समजून खचतं. पॉइंट एकाच कंपनीचे, एकाच वजनाचे घ्या आणि छोट्या काट्यावर तोलून बघा.

पॉइंटचं वजन बाणाच्या ताठपणाशी बांधलेलं आहे. या ताठपणाला स्पाइन म्हणतात. आकडा जितका लहान तितका बाण ताठ, म्हणजे ४०० चा बाण ६०० पेक्षा ताठ. पुढं जड पॉइंट लावला की तोच बाण सुटताना जास्त वाकतो. म्हणून नुसता पॉइंट बदलून चालत नाही. धनुष्याची ओढ किती पौंडांची, बाण किती लांब आणि पॉइंट किती ग्रेनचा, हे तिन्ही आकडे कागदावर लिहून प्रशिक्षकाला दाखवा आणि मगच मागवा. मूल वाढतं, ओढ वाढते. दर हंगामाला हा हिशेब नव्यानं करावा लागतो.

हलका बाण वेगानं जातो म्हणून फार हलका घेऊ नका. ओढीच्या दर पौंडाला निदान ५ ग्रेन, हा साधा नियम पाळा. ४० पौंडांच्या धनुष्याला पॉइंट, नॉक (दोरीत अडकणारी मागची खाच), पिसं धरून संपूर्ण बाण २०० ग्रेनपेक्षा कमी नको. त्याहून हलका बाण लावणं आणि बाण न लावता दोरी सोडणं यांत धनुष्याच्या दृष्टीनं फारसा फरक नाही. धनुष्याचा लिंब, म्हणजे वाकणारी पट्टी, तडकू शकतो. नवशिक्या मुलाचा बाण त्याच्या ओढीच्या लांबीपेक्षा एक-दोन इंच लांबच असावा. आखूड बाण रेस्टवरून, म्हणजे बाण टेकवायच्या आधारावरून, मागं घसरला तर थेट हातात घुसतो.

पॉइंट चिकटवताना उष्णता पॉइंटला द्या, कार्बनच्या नळीला नको. नळी तापली की आतले थर सुटतात. वरून काही दिसत नाही आणि पुढं कधीतरी बाण सुटतानाच फुटतो. म्हणून सरावाआधी प्रत्येक बाण दोन हातांत धरून, तोंडापासून लांब, हलका वाकवायचा. करकर ऐकू आली किंवा धागा निघालेला दिसला की तो बाण मोडून कचऱ्यात टाकायचा. दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही.

मैदानाचे नियम

त्या प्रसंगानंतर मी काही गोष्टी पक्क्या केल्या. नवी वस्तू आधी मी बघतो, मग ती बाणाला लागते. सरावाच्या सुरुवातीला प्रत्येकाचे पॉइंट तपासले जातात. शिट्ट्यांचे इशारे स्पर्धेतलेच वापरतो. दोन शिट्ट्या झाल्या की रेषेवर यायचं, एक झाली की बाण सोडायचा, तीन झाल्या की सगळ्यांनी मिळून बाण आणायला जायचं. लागोपाठ पाच झाल्या की जिथं असाल तिथं थांबायचं. बाण काढताना एक हात टार्गेटवर, दुसरा नळीच्या बुडाशी, आणि काढणाऱ्याच्या मागं कुणीही उभं राहायचं नाही. हे नियम मोठ्या मुलांनाही आहेत आणि बघायला आलेल्या पालकांनाही.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कम्पाउंडचा मिश्र सांघिक प्रकार पहिल्यांदा खेळला जाणार आहे. कवठे महांकाळच्या एखाद्या घरातलं मूल पुढंमागं त्या रेषेवर उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी त्याच्या भात्यात आज योग्य पॉइंट असले पाहिजेत, दोन्ही हात धड असले पाहिजेत आणि त्याच्या नावावर वन विभागाचा गुन्हा नसला पाहिजे. घरात पात्यांची टोकं आली असतील तर ती वापरू नका, विकू नका, मुलांच्या हाताला लागतील अशी ठेवू नका. आपल्या प्रशिक्षकाकडे आणून द्या. आमच्या मैदानावर ती कुणीही आणून दिली तर मी ती घेईन आणि प्रश्न न विचारता पाती मोडून टाकीन.