सुई, दोरा आणि विद्यार्थ्याचे मन

निवासी शाळेचा दिवस घंटेवर चालतो. पहाटेची वंदना, अभ्यासिका, न्याहरी, तास, खेळ, पुन्हा अभ्यासिका, भोजन आणि दिवे बंद. या दोन घंटांच्या मधल्या अवकाशात मुलाच्या मनात काय चालले आहे, त्याची नोंद कोणत्याही वेळापत्रकात नसते. पाचवीत प्रथमच घर सोडून आलेले मूल रात्री उशीत तोंड खुपसून रडते. दहावीतील मुलगी पुस्तक उघडे ठेवून एकाच पानाकडे तासभर पाहत बसते. ज्याचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस गेले, तो मुलगा उन्हाळा लागेपर्यंत दर रविवारी फाटकाशी उभा असतो. अशा मुलांना उपदेश फारसा उपयोगी पडत नाही, हे आम्हा शिक्षकांना एव्हाना पुरते कळून चुकले आहे. म्हणून गेली काही वर्षे शनिवारी दुपारी आम्ही हस्तकामाचा एक तास ठेवीत आलो आहोत. त्याविषयी पालक आणि माजी विद्यार्थी वारंवार विचारणा करतात. त्यांच्यासाठी हे चार शब्द.

सर्वांत मोलाची विचारणा एका पालकाने केली होती. ते म्हणाले, “सर, दोर वळायचं सुटावं म्हणून पोराला तुमच्या हवाली केलं. आणि तुम्ही त्याच्या हातात सुतळीच देताय?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्यामागे शेकडो वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने तरी त्याला बगल देऊ नये.

गावगाड्यात हातांचे काम जन्माने ठरत असे. दोर आणि केरसुणी मांगाकडे, कातडे ढोर-चांभाराकडे, बांबू बुरुडाकडे. महाराच्या वाट्याला येसकरकी, सांगावे पोहोचविणे आणि मेलेली जनावरे ओढणे. कारागिराच्या हाती कौशल्य होते, परंतु त्या कौशल्याचे मोल ठरविण्याचा अधिकार त्याच्या हाती नव्हता. खळ्यावर जे मिळेल ते बलुते म्हणून पदरात घ्यावयाचे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस व त्याच्याशी जोडलेले लाजिरवाणे जिणे टाकून देण्यास सांगितले. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी महार वतनासंबंधीचे बिल मांडले. १९३६ साली जातिसंस्थेच्या उच्छेदाविषयीच्या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले की, जात कामाची वाटणी करते एवढे म्हणणे अपुरे आहे. ती काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडून कप्प्यांत बंद करते. पुढच्याच वर्षी वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून हस्तोद्योगाभोवती शिक्षण उभारण्याची योजना पुढे आली. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दोरच वळला गेला, त्याला शाळेतही पुन्हा दोरच, अशी शंका त्या काळी कोणाच्या मनात आली असेल तर ती स्वाभाविकच होती.

त्या पालकाच्या प्रश्नाने आमच्या तासाला काही बंधने घालून दिली. घरचा धंदा पाहून कोणत्याही मुलास काम दिले जात नाही. जे काम असेल ते सर्वांनी करावयाचे. मुलांनी सुई धरावयाची आणि मुलींनी करवत व हातोडीही. शिक्षकही त्याच सतरंजीवर बसून तेच काम करतो. तयार झालेली वस्तू विकावयाची नाही, तिला गुण द्यावयाचे नाहीत, प्रदर्शनात क्रमांक काढावयाचे नाहीत. आणि हस्तकाम अथवा झाडलोट कोणाला शिक्षा म्हणून कधीही सांगावयाची नाही. या शेवटच्या नियमाबाबत आम्ही फार कडक आहोत. झाडू शिक्षा म्हणून हाती आला की आपल्या मुलाला त्याचा जो अर्थ लागतो, तो दुसऱ्या कोणाच्या मुलाला लागत नाही.

धम्माच्या परंपरेत हातांच्या कामास वेगळे स्थान आहे. चुल्लपंथकाची कथा आपल्यापैकी अनेकांनी वर्षावासातील प्रवचनांत ऐकली असेल. राजगृहातील दोघे भाऊ भिक्खू झाले. थोरला महापंथक बुद्धिमान. धाकट्याला चार महिन्यांत एक गाथादेखील पाठ होईना. थोरल्याने त्यास घरी परत जाण्यास सांगितले. रडत निघालेल्या त्या भिक्खूस तथागतांनी वाटेत थांबविले, त्याच्या हाती एक शुभ्र वस्त्राचा तुकडा दिला आणि पूर्वेकडे तोंड करून तो हाताने चोळीत ‘रजोहरण’ एवढाच शब्द म्हणत राहण्यास सांगितले. हाताच्या घामाने वस्त्र मळत गेले, आणि त्या मळण्यातूनच चुल्लपंथकाला अनित्यतेचा बोध झाला. या कथेत आम्हा शिक्षकांनी एका गोष्टीकडे आवर्जून पाहावे. विद्यार्थी तोच होता. एका गुरूने त्याला मठ्ठ ठरविले. दुसऱ्याने त्याच्या हाताला काम दिले आणि पाठांतराची अट काढून टाकली.

चीवराची कथाही अशीच. मगधातील भातशेतीचे बांधांनी आखलेले चौकोन पाहून तथागतांनी आनंदाला त्या आकृतीप्रमाणे चीवर बेतता येईल काय, असे विचारले आणि आनंदाने ते बेतून दाखविले. विनयात ही हकीकत आली आहे. तुकडे जोडून शिवलेले वस्त्र ही भिक्खूची खूण झाली. वर्षावास संपल्यावर कठिन चीवराचे कापड संघाने एकाच दिवसात कापून, शिवून, रंगवून पुरे करावयाचे असते. तेथे विद्वान भिक्खू आणि नवखा श्रामणेर एकाच कापडाभोवती बसतात. आपल्या आज्या जुन्या लुगड्यांची वाकळ शिवीत, तेव्हा त्यांना हे ठाऊक नव्हते. परंतु आकृती तीच आहे, हे पाहून मुले चकित होतात.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. नव्या मुलास आम्ही प्रथम वही शिवावयास देतो. वर्षाअखेरीस जुन्या वह्यांत पुष्कळ कोरी पाने उरतात. त्यांतील आठ जोडपाने घेऊन मध्ये दुमडली की बत्तीस पृष्ठे होतात. वर जुन्या दिनदर्शिकेच्या जाड कागदाचे वेष्टन. दुमडीच्या रेषेवर दाभणाने तीन भोके पाडावयाची. एक बरोबर मध्ये, दोन वरच्या व खालच्या कडेपासून दोन बोटे आत. दोरा वहीच्या उंचीच्या अडीचपट घेऊन मेणबत्तीवरून एकदा ओढावा, म्हणजे गुंतत नाही. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढावी, वरच्या भोकातून आत आणावी, आतल्या बाजूने थेट खालच्या भोकापर्यंत न्यावी, तेथून बाहेर काढून पुन्हा मधल्या भोकातून आत घ्यावी. दोऱ्याची दोन्ही टोके आता आतच येतात. मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना ती ठेवून गाठ मारली की वही तयार. नवशिक्यास अर्धा-पाऊण तास पुरतो. आपण स्वतः केलेल्या वहीत ते मूल काय लिहिते, हे आम्ही कधीही वाचत नाही. तशी हमी त्याला पहिल्याच दिवशी दिलेली असते.

दुसरे काम गोधडीचे. ते संथ आहे आणि म्हणूनच अस्वस्थ मुलास अधिक मानवते. जुन्या सुती साडीचे फूटभर लांबी-रुंदीचे तीन थर एकमेकांवर ताणून पसरावयाचे, कच्चे टाके घालून ते धरावयाचे, कडा आत मुडपावयाच्या आणि कडेपासून आत येत येत साध्या धावदोऱ्याच्या ओळी घालावयाच्या. तीन-चार शनिवारांत एक चौकोन पुरा होतो. वर्गातील सर्वांचे चौकोन जोडले की एक गोधडी होते, आणि ती आजारी मुलांच्या खोलीत वापरली जाते. यावर्षी ताप आलेल्या एका लहानग्याने ती पांघरून घेतली आणि आपला चौकोन कोणता, हे तो शोधीत बसला.

एप्रिलच्या जयंतीस आणि वैशाख पौर्णिमेस कागदी तोरणे व पंचरंगी धम्मध्वज करतो. निळा, पिवळा, तांबडा, पांढरा, केशरी या पट्ट्यांचा क्रम चुकला की मोठी मुलेच लहानांस दुरुस्त करतात. मातीकामही थोडे होते, पण पावसाळ्यात माती वाळत नाही आणि खोलीचा चिखल होतो, तेव्हा त्याचा आग्रह आम्ही सोडला आहे.

यातून ताण हलका होतो तो कसा? आमच्या निरीक्षणात आलेले सांगतो. भीती नेहमी उद्याची असते: उद्याचा पेपर, उद्याचा निकाल, उद्या घरून फोन येईल की नाही. सुई मात्र या क्षणीच्या टाक्यावर लक्ष मागते; नजर तेथून हलली की बोटाला टोचते. पंधरा-वीस टाक्यांनंतर श्वास आपोआप संथ होतो. आनापान शिकविताना श्वासाकडे पाहा म्हटले की चुळबुळणारी मुले येथे न सांगता स्थिर बसतात. शिवाय शेजारी बसलेल्या मुलाकडे न पाहता बोलता येते. समोरासमोर बसवून विचारले असता जी मुले तोंड उघडीत नाहीत, ती शिवता शिवता घरचे सांगू लागतात.

आत्मविश्वासाचे कारण याहून साधे आहे. टाका वाकडा गेला तर तो ज्याचा त्यालाच दिसतो, आणि उसवून पुन्हा घालता येतो. परीक्षेतील चुकीस ही सोय नसते. नववीतील एक विद्यार्थिनी वर्गात मोठ्याने वाचताना अडखळे व रडकुंडीस येई. वही शिवण्यात तिचा हात बसल्यावर पाचवीच्या मुलांना शिकविण्याचे काम आम्ही तिच्याकडे दिले. ‘आतून बाहेर, मग वर’ असे सांगताना ती अडखळे. पण मुले तिच्या हाताकडे पाहत असत, तोंडाकडे कोणाचे लक्षच नसे. वर्षाअखेरीस तिने वंदनेचे सूत्रसंचालन केले. तिचे गणिताचे गुण वाढले काय, असे कोणी विचारल्यास उत्तर आहे, विशेष नाही. हस्तकामाकडून गुणांची अपेक्षा करणारे पालक निराश होतील, हे आधीच सांगितलेले बरे.

आणखी एक मर्यादा स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. हस्तकाम हा उपचार नव्हे. मूल आठवडे न आठवडे नीट झोपत नसेल, जेवण टाकीत असेल, सर्वांपासून दूर राहत असेल किंवा जगणे नकोसे झाल्याचे बोलत असेल, तर त्याच्या हाती सुई देऊन वाट पाहत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते. यात लाज मानण्यासारखे काही नाही. बाहेरचे, अंगात आलेले, कोणी केलेले असल्या समजुती आपण १९५६ च्या प्रतिज्ञांबरोबरच सोडून दिल्या आहेत.

सुट्टीत मूल घरी आल्यावर पालकांनी एवढे करावे. त्याला काही करावयास सांगू नये. तेच आपल्याला शिकव म्हणावे. ‘छान’ म्हणून विषय संपवू नये. ‘हा कोपरा कसा वळवलास?’ असे विचारावे. दोर वळण्याविषयी ज्यांनी आम्हाला प्रश्न केला होता, ते मे महिन्यात मुलाकडून वही शिवायला शिकले आणि आता त्यांच्या मजुरीचा हिशेब त्याच वहीत असतो, असे मुलगा सांगतो.

माजी विद्यार्थ्यांकडे आमचे मागणे थोडे आहे. जुन्या सुती साड्या व धोतरे (नायलॉनच्या नकोत, त्यांत सुई घसरते), जाड दिनदर्शिका, गोधडीच्या सुया आणि पक्का दोरा. कापड धुऊन, वाळवून, घडी घालून शनिवारी दुपारी दोनच्या आत वसतिगृहात पोहोचते करावे. तास अडीचला सुरू होतो. सवड असेल तर थांबावे, सतरंजीवर जागा असते.